दोघं मिळून लांबच्या प्रवासाला निघताना आधी काय ठरवलंत? मराठवाड्यातल्यांचे अनुभव

अंबाजोगाईहून, धागा सुरू करताना

मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र यंदा बाईकवर लेहला जायचं म्हणतोय. तो केज तालुक्यात शेती करतो, मी इथं नोकरीला आहे. रस्ता कसा, मुक्काम कुठं, पेट्रोल कुठं मिळेल, हे सगळं आता मोबाईलवर सापडतं. जे सापडत नाही तेच इथं विचारतोय.

परवा त्याच्या शेतातल्या आखाड्यावर बसून नकाशा बघितला. मी जे म्हणेन त्याला तो "हो, चालतंय की" म्हणत होता. किती दिवस? "तू ठरव." एक बाईक का दोन? "तू ठरव." मला महिन्याला पगार येतो, त्याच्या हातात पैसा येतो तो पीक निघाल्यावर. खर्च त्याला जड जाणार असेल तरी तो मला सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्याची ओढाताण करून मला लडाख बघायचं नाही. त्याला मनापासून यायचंय, एवढंच मला हवंय.

म्हणून ज्यांनी दोघा-दोघांनी असे लांबचे प्रवास केलेत त्यांनी लिहावं. लेहच पाहिजे असं नाही, देशात कुठंही चालेल. निघायच्या आधी एकमेकांशी काय बोलून घेतलंत, पैशाचं कसं केलंत, आणि गप्प बसणाऱ्या जोडीदाराला बोलतं कसं केलंत, हे जरूर सांगा.

परभणीहून

तुमचा मित्र शेतकरी आहे आणि मीही, म्हणून आधी मी लिहितो. त्याला रस्त्याचं नंतर विचारा, आधी पिकाचं विचारा.

लेहचा हंगाम आणि आपला खरीप एकाच वेळी येतात. मनालीकडचा रस्ता जूनच्या आसपास मोकळा होतो तेव्हा आपल्याकडं मृगाची पेरणी. मग कोळपणी, खुरपणी, फवारणी. मधे फट सापडते ती एकच: पोळा झालाय, घरच्या महालक्ष्म्या उठल्यात आणि सोयाबीन अजून काढणीला आलेलं नाही. आम्ही त्या फटीत गेलो. पण परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही आणि शेंगा भिजल्या की वर्ष गेलं. म्हणून निघायच्या आधीच काढणीचं उक्तं (ठरलेल्या रकमेत सगळं काम) मजुरांच्या एका टोळीला देऊन ठेवलं, मळणी यंत्रवाल्याला सांगून ठेवलं आणि भावाला गडी-माणसांची यादी करून दिली. हे सगळं झालं त्या दिवसापासून माझा जोडीदार खुलला. तोवर त्याचंही "बघू, जमंल" चालू होतं. मन शेतात अडकलेलं असतं हो, तोंडानं कसं सांगणार?

दिवस वाचवायला बाईक आम्ही नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत पार्सलनं पाठवल्या. गाडी परभणीलाही थांबते, पण थोडाच वेळ. नांदेडहून सुटत असल्यानं तिथं चढवायला निवांत मिळतं. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची झेरॉक्स लागते आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते.

वर जाताना श्रीनगर, सोनमर्ग, झोजिला, द्रास, कारगिल असं जा आणि येताना मनालीकडून उतरा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरच्या आसपास आहे, लेह साडेतीन हजार. या वाटेनं शरीराला उंचीची सवय हळूहळू होते. मनालीकडून चढलात तर सर्चूसारख्या ४,००० मीटरच्या वरच्या ठिकाणी लवकर मुक्काम पडतो आणि तिथं डोकं धरून बसलेली माणसं मी बघितलीत. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसता आराम करा.

आमचा नियम असा होता की दोघांपैकी एकानं "मला बरं वाटत नाही" म्हटलं की गाडी वर न्यायची नाही. दुसऱ्यानं त्यावर मत द्यायचं नाही. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणं, यातलं काही झालं तर औषधाआधी खाली उतरणं महत्त्वाचं. हा नियम घरी, चहा पिताना ठरवा. वर खिंडीत उभं राहून ठरत नाही, कारण तिथं कुणालाच मागं फिरावंसं वाटत नसतं.

बाईक दोन घ्या असं माझं मत. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर कमी होतो, त्यात दोन माणसं आणि सामान म्हणजे चढावर हाल. आणि दोघांपैकी एकाचं तरी सिम पोस्टपेड असू द्या, आपल्याकडचं प्रीपेड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही.

लातूरहून

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत कारनं कन्याकुमारीला गेलो. बीदर, जहीराबाद करत हैदराबादचा बाह्यवळण रस्ता गाठला. तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की कर्नूल, अनंतपूर, बंगळूरू, सेलम, मदुराई करत सरळ टोकाला. श्रीनगरहून येणारा तो हाच महामार्ग.

तुमच्या "तू ठरव"वाल्या मित्रासाठी आमचा उपाय सांगते. माझी मैत्रीणही तशीच आहे. आम्ही दोघींनी वेगवेगळं बसून एकेक कागद लिहिला: काय झालंच पाहिजे, काय अजिबात नको आणि भीती कशाची वाटते. मग कागद बदलून वाचले. तिच्या कागदावर होतं, "अंधार पडल्यावर गाडी चालू नको. दर दोन-तीन तासांनी स्वच्छतागृह हवं. सासूबाईंना रोज सात वाजता फोन, त्या वेळी मला हाक मारू नकोस. मदुराईला मीनाक्षीचं दर्शन घाईत नको." इतकी वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबा खातो, पण अंधाराची तिला एवढी भीती वाटते हे मला त्या कागदावर कळलं. तोंडी विचारलं असतं तर "तुला चालेल ते मलाही" एवढंच उत्तर आलं असतं. मग सगळे मुक्काम दिवस मावळायच्या आत पोचता येईल असेच धरले.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा या तिथं मोफत द्यायच्याच सोयी आहेत. कुलूप असेल तर किल्ली मागायची. पाणी कमी पिऊन दिवस काढू नका, त्यानं उन्हाळी लागते (लघवीला जळजळ होते) आणि सगळा प्रवास वाया जातो.

दिवाळीत दक्षिणेला जाणाऱ्यांनी पाऊस गृहीत धरा. आपल्याकडचा संपलेला असतो, तमिळनाडूत मात्र ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात पडतो. वायपरची रबरं आधी बदलून घ्या.

पैशाचं सोपं ठेवलं. दोघींनी सारखी रक्कम एका चेनच्या पाकिटात घातली. पेट्रोल, टोल, खोली, चहा-जेवण सगळं त्यातून. संपलं की पुन्हा दोघींनी सारखं घालायचं. साड्या-बिड्या ज्याच्या त्याच्या. गाडी माझी, म्हणून निघायच्या आधीच्या सर्व्हिसिंगचा अर्धा खर्च तिनं आग्रहानं दिला आणि मी तो घेतला. घ्यावा, त्यानं पुढं मोकळेपणा राहतो. तुमच्या बाबतीत मात्र रोजचा जास्तीत जास्त खर्च मित्राला लिहायला सांगा आणि तो आकडा दोघांचा धरा. तुमची ऐपत जास्त आहे म्हणून चांगल्या हॉटेलात उतरून फरक तुम्ही भरलात, तर मित्राला ते गोड लागणार नाही.

डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. पहिले दोन दिवस त्यावर छान निघाले.

जालन्याहून

मी ट्रकवर आहे, इथल्या कारखान्यातल्या सळया घेऊन उत्तरेत-दक्षिणेत जातो. आमच्यातबी जोडीनंच चालतं, दोन ड्रायव्हर. म्हणून सांगायलो.

पहिलं म्हणजे समृद्धी महामार्गावर बाईकला बंदी हाय, तिकडून जायचा विचार नका करू. कारवाल्यांना चालतं, पण सरळसोट रस्ता, वळण नाही, गाव नाही, डोळा कधी लागतो कळत नाही. तासा-दीड तासानं उतरून तोंडावर पाणी मारायचं, टायरला हात लावून बघायचा. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघावी, गरम टायरचा काटा खरा नसतो.

दुसरं, रात्री दोन ते पाच गाडी उभी पाहिजे. नाश्ता, जेवण कवाबी करा, पण ही वेळ झोपेची. चालवणाऱ्याला स्वतःची झोप कळत नाही, शेजारच्याला आधी कळते. तुम्ही काही विचारलं अन् उत्तर उशिरानं आलं, गाडी पांढऱ्या पट्टीकडं सरकायली, गिअर उगीच बदलायला, की समजायचं. मग शेजारच्यानं "थांब" म्हटलं की थांबायचं. माझा जोडीदार वयानं माझ्याहून लई लहान हाय. पण त्यानं थांब म्हटलं की मी थांबतो. रुसायचं नाही हे आमचं ठरलेलं हाय. बाईक दोन असल्या तर हे कळणार नाही, म्हणून दर तासाला दोघांनी थांबून एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं.

थांबायचं ते पंपावर नाहीतर ढाब्यावर. रस्त्याच्या कडंला कधीच नाही.

अन् दिवाळीनंतर कुणी निघणार असंल तर माजलगाव, बीडकडं अंधारात जपून. गाळप सुरू झालं की उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागं लाल दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. कन्याकुमारीहून नीट आलेला माणूस घराजवळ येऊन त्याच्यावर आदळतो. हे मी डोळ्यानं बघितलंय.

धाराशिवहून

थोडक्यात लिहितो. मोठ्या प्रवासाआधी आम्ही एक छोटी फेरी केली: सोलापूर, विजयपुरा, पुढं हंपी आणि परत. गोलघुमट, हंपी बघून झालंच, पण खरा उपयोग वेगळा झाला. मित्र पहाटे पाचला उठून कपडे भरतो, मला आठशिवाय जाग येत नाही. तो दर किल्ल्यावर दोन तास रमतो, मला गाडी चालवण्यातच आनंद. हे कळल्यावर पुढच्या मोठ्या प्रवासात सकाळ त्याची आणि दुपारनंतरचा रस्ता माझा, अशी वाटणी केली. तुम्हीही आधी एकदा दोन मुक्कामांचं कुठंतरी जाऊन या.

नांदेडहून

आम्ही नांदेड ते पाटणा साहिब गेलो. माझा मित्र शीख, इथलाच, मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. गुरू गोविंदसिंगजींचा जन्म पाटण्याचा, १६६६ चा, आणि ते ज्योतीज्योत समावले, म्हणजे देह ठेवला, ते आमच्या नांदेडात, १७०८ मध्ये. लहानपणापासून त्याच्या मनात होतं की या दोन्ही ठिकाणांमधली वाट एकदा जमिनीवरून बघायची. यवतमाळ, नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, वाराणसी करत गेलो. सिवनीच्या अलीकडं पेंचच्या जंगलात महामार्ग खांबांवर उचलून घेतलाय, खालून जनावरांना जायला वाट. तिथं वेग कमी करून जंगल बघत जा.

आमचं जे बोलणं झालं ते श्रद्धेचं होतं. त्याच्यासाठी ही यात्रा होती, माझ्यासाठी भटकंती. मी त्याला सरळ विचारलं, "तुला माझ्याकडून काय पाहिजे?" तो म्हणाला, "वाटेत दारू नको, तंबाखू नको. आणि माझा पाठ चालू असताना फोन काढू नकोस." मी म्हटलं, "मला काशीला घाटावर एक पूर्ण संध्याकाळ पाहिजे." दोघांनी दिलेला शब्द पाळला. काशीच्या त्या संध्याकाळी तो माझ्यासोबत आरती संपेपर्यंत बसला, एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही.

मुक्कामाला शक्य तिथं गुरुद्वाऱ्यातली यात्री निवासं बघा. कुणालाही राहता येतं, डोकं झाकायचं, लंगरात बसून जेवायचं. वेळ असेल तर भांडी घासायला हात लावा. खर्चाची काळजी असणाऱ्या मित्रासाठी याहून मानाची सोय मला ठाऊक नाही.

छत्रपती संभाजीनगरहून

मी वाहन विम्याचं काम करतो, त्यामुळे कागदांपुरतं लिहितो. एकाच्या नावावरची गाडी दुसरा चालवणार असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालकाला असतं, तो स्वतः चालवत असताना किंवा गाडीवर बसलेला असताना. मित्राला ते आपोआप मिळत नाही. त्याच्यासाठी सोबतच्या प्रवाशाचं संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावं लागतं किंवा त्याची स्वतंत्र अपघात पॉलिसी काढावी. हप्ता फार नसतो आणि घरी बायको-मुलं असलेल्या माणसाला यावर निश्चिंत झोप लागते.

लायसन्स, आरसी, विमा डिजिलॉकरमध्ये ठेवले तर चालतात, तरी डोंगरात नेटवर्क नसतं म्हणून झेरॉक्स जवळ ठेवा. पीयूसीची तारीख परत येईपर्यंत पुरते का ते बघा. राष्ट्रीय महामार्गावर बाईकला टोल नाही. कारवाल्यांना १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता), एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ लावा.

अंबाजोगाईहून

सगळ्यांना वाचून काल पुन्हा आखाड्यावर गेलो. लातूरच्या ताईंचा कागद काढला. मित्रानं बराच वेळ घेतला, मग लिहिलं: "सोयाबीन घरात आल्याशिवाय मन लागणार नाही. रोजचा खर्च हजाराच्या वर नको. कारगिलचं स्मारक बघायचंच." त्याचा चुलत भाऊ फौजेत आहे, हे स्मारकाचं त्यानं मला आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता यंदाचं लेह सोडलं. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांनंतर, काढणीचं उक्तं आधी देऊन, दोन बाईक, श्रीनगरकडून वर. यंदा सोयाबीन निघाल्यावर धाराशिवकरांसारखं हंपीला जाऊन येतो. मित्रानं स्वतःच तारीख सांगितली.

परभणीकर, एक विचारायचं राहिलं. पार्सलला देताना आरसे काढून ठेवले होते का?

परभणीहून

आरसे काढा, ते बाहेर आलेले असतात म्हणून आधी तुटतात. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांना जुनं कापड गुंडाळा. पाना बॅगेत वर ठेवा, दिल्लीला स्टेशनबाहेरच पुन्हा बसवावे लागतात. आणि पेट्रोल काढलेलं असतं, तेव्हा पहिल्या पंपापर्यंत ढकलायची तयारी ठेवा.