मदत हवी आहे: आई-बाबांचा व्हिएन्ना ते मिलान रेल्वेप्रवास

नमस्कार मंडळी,

आई-बाबा दोघेही आता निवृत्त झालेत. रोज नवं हॉटेल आणि पहाटे बस, असली टूर त्यांना नको आहे. दोघांनी मिळून, रेल्वेने, निवांत फिरायचंय. जूनमध्ये तीनेक आठवडे ठरवतोय. व्हिएन्ना, साल्झबर्ग, तिथून झ्युरिकमार्गे स्वित्झर्लंडमधलं खूर हे गाव आणि मग आल्प्स ओलांडणाऱ्या बर्निना रेल्वेमार्गाने इटलीतलं तिरानो. पुढे कोमो सरोवराकाठी वारेन्नाला चार दिवस नुसतं बसायचं आणि मिलानहून परत.

बाबांचा जीव बर्निनात अडकलाय. गाडी २,२५३ मीटरवर चढते आणि खाली ब्रुसिओला गोल पुलावरून स्वतःच्याच रुळांखालून जाते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात! बर्निना एक्सप्रेस या पर्यटक गाडीला आरक्षण सक्तीचं आहे. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीला ते लागत नाही आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात. मला साधीच बरी वाटते. कोणी दोन्हींतून गेलंय का?

साठीपुढच्यांना युरेल पासवर (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेंसाठीचा एकच पास) १० टक्के सवलत आहे. पण एवढ्या थोड्या प्रवासांसाठी पास परवडतो, की सुटी तिकिटं आधी काढलेली बरी?

मुख्य काळजी आईच्या गुडघ्यांची. साल्झबर्ग ते झ्युरिक साडेपाच तासांच्या आसपास लागतात, म्हणून मध्ये इन्सब्रुकला मुक्काम करावा का? आणि तिरानो, वारेन्ना या छोट्या स्टेशनांवर बॅगा घेऊन जिने चढावे लागतात का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा, त्यावरच बुकिंग अडलंय.