भोकाच्या जागेचा ‘टॉलरन्स’: सूट, सह्यता की प्लस-मायनस?

प्रश्न
आयटीआयच्या मुलांसाठी ड्रॉइंग वाचायची मराठी टिपणं लिहितेय. ‘टॉलरन्स’ला, म्हणजे मिती किती हुकली तरी चालेल त्या हद्दीला, मी ‘सूट’ लिहिलं, सहकाऱ्यांनी खोडून ‘सह्यता’ केलं. मुलं तर सरसकट ‘प्लस-मायनस’च म्हणतात. भोकांच्या जागा शिकवताना कोणता शब्द घ्यावा?

उत्तर
ताई, ‘सूट’ नको. सूट म्हणजे देणं लागत असताना त्यातलं काही माफ होणं. शेतसाऱ्यात सूट मिळते ती पीक बुडाल्यावर. टॉलरन्स तसा नाही, तो ड्रॉइंग काढतानाच ठरतो. ‘सूट’ डोक्यात बसली की पोरगं जॉब, म्हणजे घडवायचा भाग, बिघडल्यावर ती मागायला इन्स्पेक्शनला जातं.

‘सह्यता’ पुस्तकी आहे खरा, पण अर्थाला पक्का. सहन कोण करतं? जोडणी. दोन पट्ट्या घ्या, दोन्हींत लहानात लहान १०.५ मिमीची भोकं, आरपार १० मिमीचे बोल्ट. मधली अर्धा मिमीची मोकळीक, तेवढंच ती जोडणी सोसते. म्हणून दोन्ही पट्ट्यांत प्रत्येक भोकाचा मध्य त्याच्या खऱ्या, म्हणजे ड्रॉइंगवर ठरलेल्या, जागेभोवतीच्या ०.५ मिमी व्यासाच्या वर्तुळात पडायला हवा.

आणि घोळ होतो तो इथेच. व्यास ०.५ म्हणजे मध्यापासून कुठल्याही दिशेला फक्त ०.२५. त्याला ‘प्लस-मायनस अर्धा’ म्हटलं की हद्द दुप्पट झाली. माझ्या हाताखालच्या अप्रेंटिसनं असंच ०.४ सरकलेलं भोक पास केलं. पट्टीवर पट्टी ठेवली, तीन बोल्ट बसले, चौथा जाईना. चूक त्याची नव्हती, ‘प्लस-मायनस’ हा शब्द त्याला मीच शिकवला होता.

शिवाय प्लस-मायनसनं चौकोन तयार होतो, वर्तुळ नाही. उभ्या-आडव्या दोन्ही मितींना ±०.१ दिलं तर कोपऱ्यातलं भोक तिरकं ०.१४ सरकूनही पास, आणि सरळ आडवं ०.१३ सरकलेलं मात्र रिजेक्ट. बोल्टला दिशा कळत नाही, त्याला अंतर कळतं. स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यातले स्टॅन्ली पार्कर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हेच दाखवलं, आणि गोल हद्दीची पद्धत तिथून पुढे आली.

प्रश्न
दादा, पण शॉपमध्ये ‘सह्यता’ कोण म्हणणार? आणि ड्रॉइंगवर चौकटीत लिहिलेल्या ४० मिमीला प्लस-मायनस नसतं, तेव्हा मुलं विचारतात, हे बरोब्बर ४० यायला हवं का?

उत्तर
तोंडी ‘टॉलरन्स’च राहू द्या, सह्यता अर्थ सांगायला वापरा. ‘डेटम’लाही, म्हणजे जिथून मापं धरायची त्या कडेच्या किंवा पृष्ठाच्या नावालाही, हात लावू नका, तो रुळलाय.

चौकटीतल्या ४० साठी मी ‘मिती’ आणि ‘माप’ वेगळे ठेवतो. मिती ड्रॉइंगवर देतात, माप जॉबवर घेतात. चौकटीतली मिती फक्त खरी जागा कुठे ते सांगते. भोक तिथून किती हलू शकतं ते ड्रॉइंगवरच शेजारी काढलेल्या टॉलरन्सच्या खान्यांत असतं. व्हर्नियरवर, म्हणजे माप घ्यायच्या सरकपट्टीवर, ४०.१ आलं तर ते माप. दुसऱ्या दिशेचं माप घेतल्याशिवाय त्यावर पास-नापास ठरवू नये.

साखळी मितींचाही धडा घालाच. पाच भोकं एकापुढे एक २५±०.१ नं दिली, तर पहिल्या आणि पाचव्यामध्ये ±०.४ टॉलरन्स साचतो. ‘साचतो’ हे क्रियापद मुलांना लगेच कळतं.