'सैराट' बघून तुमच्या घरात काय झालं?

२९ एप्रिल २०१६ ला लागला, त्याच आठवड्यात मी अप्पांबरोबर बघितला. 'झिंगाट'ला माणसं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती. आणि शेवटी ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर जातं, तेव्हा कसलाच आवाज नाही. दिवे लागले तरी कुणी उठेना. येताना अप्पांनी रंकाळ्यापाशी गाडी थांबवली. म्हणाले, "तुझं काही असलं तर आधी मला सांग." माझं होतं. सांगायला मला चार महिने लागले.

गाण्यांवर भरपूर बोलून झालंय. घरात काय झालं ते लिहा.

*

आमचं लग्न 'सैराट'च्या दोन वर्षं आधीचं, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. ३० दिवसांची नोटीस विवाह नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावर लागते. कुणीतरी फोटो काढून गावाकडं धाडला आणि नवव्या दिवशी हिचे चुलते आमच्या दारात. लग्न कसंबसं पार पडलं, माहेर तुटलं.

पिक्चरमध्ये आर्ची आईला फोन लावते, पोराला बोलायला लावते, तिथंच हिनं माझं मनगट घट्ट धरलं. आदल्याच आठवड्यात हिनंही आईला फोन केला होता. भाऊ आहेराच्या पिशव्या घेऊन येतो, आर्ची चहा टाकायला आत जाते... ही म्हणाली, "उठा, जाऊया." शेवट आम्ही आजतागायत बघितलेला नाही.

त्या दिवाळीत हिचा भाऊ खरंच पिशवी घेऊन आला. साडी आणि चकल्यांचा डबा. हिनं मागच्या दारानं पोराला शेजारच्या काकूंकडं धाडलं. मी कडी न लावता दाराशीच बसून राहिलो. चहा झाला. उठताना तो म्हणाला, "भाचा कुठाय? त्याच्यासाठी तर आलोय." हिला रडू आवरेना. मलाही.

*

मी थोरला भाऊ. बहिणीचा मोबाईल मीच काढून घेतलेला, कॉलेज मीच बंद केलेलं. आर्चीच्या भावानं, प्रिन्सनं, भर वर्गात सरांच्या थोबाडीत मारली तवा आमच्या लायनीतनं शिट्ट्या पडल्या, त्यात माझी बी होती. शेवटाला त्येच पोरगं दारात उभं. रातच्याला मोबाईल तिच्या उशाशी ठेवला. माफी मागायला तोंड उघडलं न्हाई. कॉलेज गेलं ते गेलंच तिचं.

*

मी शाळेत इतिहास शिकवायचो. शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारा कायदा केला, या आपल्या कोल्हापुरात. स्वतःच्या नात्यातली मुलगी इंदूरच्या होळकरांकडं द्यायचं ठरवलं, मराठा-धनगर भेद बाजूला ठेवून. पिक्चर घडतो सोलापूरकडच्या करमाळ्यात; त्यामुळं "हे करमाळ्याकडचं, आपल्यात नाही असलं" असं बिंदू चौकात ऐकलं की मला राग येतो. त्या मे महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "सर, तो कायदा आमच्या घरी कोण सांगणार?" तिच्या वडिलांशी माझी चांगली ओळख होती. तरी मी गेलो नाही. जायला हवं होतं.

*

कागलजवळच्या गावातनं लिहितेय. सगळे आर्ची-परश्यासाठी रडले, माझा जीव आर्चीच्या आईत अडकला. लेकीचा फोन आला आणि त्याच्या मागं माणसं पोचली. पत्ता तिनं दिला असंल का तिच्याकडनं काढून घेतला असंल? कितीक रात्री हेच डोक्यात. माझी लेक पुण्यात आहे, तिच्या मनानं लग्न केलंय, घरात नाव काढायचं नाही. तिचा फोन आला की मी परड्यात जाऊन बोलते. नंबर 'गॅसवाला' म्हणून ठेवलाय. कुठं राहतीस, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.