तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर आहारतज्ज्ञ? त्या पोस्टला माझं उत्तर

संभाजीनगरची_डायटिशियन
परवा इथल्याच एका पोस्टमध्ये वाचलं : "भाकरी-वरण खा, तेल-साखर कमी करा, एवढं सांगायला पाच-सहा वर्षं शिकायचं कशाला? तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरे." खाली लाइकचा पाऊस. कमेंटमध्ये लिहिलं तर हरवून जाईल, म्हणून वेगळा धागा काढतेय.

बीएस्सी तीन वर्षं. मग एमएस्सी दोन वर्षं, नाहीतर डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा. त्यावर हॉस्पिटलात सहा महिने इंटर्नशिप आणि शेवटी इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा. ती पास झाल्यावर नावापुढे आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, लागतं. एवढ्या वर्षांत आम्ही पाककृती पाठ करत नाही. किडनीच्या पेशंटची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी का फेकायचं, हे शिकतो. बरेच दिवस पोटात अन्न नसलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं, हे शिकतो. नाकातल्या नळीतून ताशी किती मिली फीड सोडायचं, कधी थांबवायचं, हेही शिकतो.

डायलिसिसवरच्या एका काकांना गावातल्या 'वेलनेस कोच'ने रोज शहाळं प्यायला सांगितलं होतं, किडनी साफ होते म्हणून. एका शहाळ्यात केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं आणि बंद पडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रात्री इमर्जन्सीत आणलं तेव्हा ईसीजी बिघडलेला होता. वाचले. पण त्या कोचला विचारणारं कुणी नाही.

बीडचा_गडी
ती पोस्ट माझीच हाय ताई. तुम्ही आयसीयूचं सांगायलात, मी साध्या शुगरच्या पेशंटचं म्हणलो होतो. माझ्या मायला शुगर. शहरातल्या एका मोठ्या डिग्रीवाल्या बाईकडं नेलं. फी भरली, दहा मिनिटांत इंग्रजीतला छापील कागद हातात. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, वर ऑलिव्ह ऑइल. माय म्हणली, हे काय जनावराचं औषध हाय का? आमच्याकडं शाळू हाय, तूर हाय, करडईचं तेल हाय, अंबाडी हाय. त्यातलं एकबी कागदावर नव्हतं. मग शेजारच्या पोरीनं, तिनं तीन महिन्यांचाच कोर्स केलाय, सांगितलं : चपाती बंद, नुसती भाकर खा, भाकरीनं शुगर वाढत नाही. हे मायला पटलं तरी. आता सांगा, कोण शिकलेलं?

संभाजीनगरची_डायटिशियन
त्या छापील कागदाची बाजू मी घेणार नाही. पेशंटच्या घरात काय शिजतं हे न विचारता लिहिलेला आहार हा आहारच नव्हे. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय खाल्लं, हे विचारणं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या बाईंनी ते केलं नाही.

पण भाकरीनं साखर वाढत नाही, हे साफ चूक आहे. हैदराबादच्या एनआयएनचे, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचे, 2017 चे तक्ते बघा. ज्वारी आणि गव्हाची कणीक, दोन्हींत 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम प्रथिनं, तंतू 10-11 ग्रॅम आणि कर्बोदकं 65 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कागदावर दोघी जवळजवळ सारख्याच.

शाळूची_भाकर
आता कहरच झाला. गहू आणि ज्वारी सारखी? आमच्या वडिलांनी जन्मभर दोन वेळा भाकरी खाल्ली, शेवटपर्यंत शुगर नव्हती, काठी नव्हती. रेशनवर गहू-तांदूळ यायला लागला, ज्वारी ताटातून गेली आणि घरोघरी शुगरच्या गोळ्या आल्या. तुमचे तक्ते हैदराबादच्या लॅबमधले. रब्बीत पाऊस नसताना नुसत्या ओलीवर उभं राहणारं पीक आहे हे, माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देणारं. त्याची बदनामी मराठवाड्यातल्याच मुलीने करावी?

संभाजीनगरची_डायटिशियन
काका, वडील दिवसभर औत हाकत होते की खुर्चीत बसत होते? ज्वारीचा मला अभिमानच आहे. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन चालत नाही त्यांच्यासाठी ती वरदान आहे. पण खेड्यातली एक थापलेली भाकरी 80-100 ग्रॅम पिठाची असते आणि आमच्या चार्टमधली पोळी 25-30 ग्रॅमची. दोन पोळ्या सोडून तीन भाकरी खाल्ल्या तर साखर कशी उतरेल? शिक्षण इथं कामाला येतं. कोणतं धान्य एवढंच नाही, किती आणि कशासोबत, हे मोजावं लागतं.

शाळूची_भाकर
मोजून खायची वेळ शेतकऱ्यावर कधी आली नव्हती. तेवढं वजनाचं म्हणता ते असेल बरोबर. बदनामीचं मी मागे घेणार नाही.

नांदेडचा_फार्मासिस्ट
ज्वारीवरून भांडण बंद करा की. खरा रोग पावडरचे डबे विकणाऱ्यांचा आहे. माझ्या दुकानात रोज येतात, 'कोचने सांगितलंय' म्हणत. सल्ला फुकट आणि डबा हजारोंचा. 2021 साली केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकी आरोग्य व्यावसायिकांचा, कायदा केला, त्यात पोषणशास्त्रवालेही आहेत. पण तालुक्याच्या गावात आजही कुणीही 'डायटिशियन' अशी पाटी लावतो. तिकडे अमेरिकेत 1 जानेवारी 2024 पासून मास्टर्स डिग्रीशिवाय नोंदणीच्या परीक्षेलाच बसता येत नाही.

परभणीची_लेक
सगळे डिग्रीचं बोलताहेत, ती परवडते कुणाला हे कुणी विचारत नाही. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले. तेव्हा होम सायन्स म्हणायचे, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. प्रवेश घेतला तेव्हा मामा म्हणाले, "बरं झालं, लग्नाला उपयोगी पडेल." पुढे इंटर्नशिप पुण्यात. सहा महिने सकाळी सातला वॉर्ड राऊंड, दुपारी किचनमध्ये ट्रे तपासणं, आणि हातात एक रुपया नाही. हॉस्टेल-मेसचा खर्च वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून केला. सोबतच्या मुलीच्या घरून पैसे आले नाहीत, ती अर्ध्यातून परत गेली. आज ती ऑनलाइन सर्टिफिकेटवर जिममध्ये सल्ले देते. तिला भोंदू म्हणताना माझी जीभ वळत नाही. डॉक्टरला इंटर्नशिपचे पैसे मिळतात, मग आम्हाला का नाही?

आणि एवढं करून मला नोकरी मिळाली ती कंत्राटी, पोषण पुनर्वसन केंद्रात. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या आत असलेली, म्हणजे तीव्र कुपोषित बाळं येतात. आधी एफ-75 हे कमी ताकदीचं उपचाराचं दूध, बाळ सावरलं की जास्त ताकदीचं एफ-100. आई म्हणते पातळ आहे, घट्ट द्या, भूक लागलीय त्याला. घाई केली तर बाळ हातचं जाऊ शकतं. हे तीन महिन्यांत स्क्रीनवर बघून येत नाही, बीडच्या दादा. मात्र कंत्राट दरवर्षी संपतं.

बीडचा_गडी
लेकरांचं वाचून गप्प बसलो. ते काम शिकलेल्यानंच करावं, मान्य. पण मंग आमच्याकडच्या पोरींनी शिकावं कुठं? घरी बसून डिग्री करता येत नाही का?

परभणीची_लेक
इग्नूची दूरस्थ एमएस्सी कितीतरी जणींनी केली. पण यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून पोषण आणि डायटेटिक्सचे दूरस्थ-ऑनलाइन कोर्स बंद केले. कुणी 'घरबसल्या डिग्री' म्हणून पैसे मागत असेल, तर बहिणीला भरू देऊ नका.

नांदेडचा_फार्मासिस्ट
निर्णय योग्यच आहे.

परभणीची_लेक
योग्य असेल. आधी मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजांत पगारी इंटर्नशिप सुरू करा, मग योग्य म्हणा. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नाही तर अंबाजोगाईत करा.

संभाजीनगरची_डायटिशियन
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीही फुकटच केली होती आणि आज माझ्या हाताखालच्या मुलीही फुकटच करतात.
बीडच्या दादा, आईचे रिपोर्ट घेऊन या.

बीडचा_गडी
सोमवारी येतो. माय म्हणायली, भाकर बंद करणार असतील तर येत नाही.

संभाजीनगरची_डायटिशियन
बंद करणार नाही. पीठ ज्या वाटीने घेता ती वाटी सोबत आणा.