घारापुरीला महाशिवरात्रीला जायचंय, लेणी सोडून गावात काय बघावं?

मी डोंबिवलीची. आईला गुडघ्याचा त्रास आहे. लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या जमतील का? आणि बेटावर खरंच लोकवस्ती आहे?

उत्तर १
आहे तर! शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं. मी मोराबंदरची सून. समुद्राखालून केबल आली आणि २०१८ साली आमच्याकडे वीज आली. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर, बस्स. सासूबाई तेवढ्यात मिक्सर, इस्त्री सगळं उरकायच्या. वीज आली त्या रात्री त्यांनी दिवे मालवूच दिले नाहीत, ओसरीवर बसून नुसत्या बल्बकडे बघत होत्या. मला ते आठवलं की अजून भरून येतं.

शिवरात्रीला जत्रेची गर्दी फार असते. आईंना सकाळच्या पहिल्या लाँचने आणा. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढे शंभराच्या वर पायऱ्या आहेत. दमानं चढा, बाजूला आमच्या बायका ताक, काकडी, कैरी विकतात, तिथं टेका.

उत्तर २
ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव दिलं, तो बेटावर शोधू नका. १८६४ मध्ये हलवताना फुटला. आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

उत्तर १
हो, पण आम्ही अजून घारापुरीच म्हणतो. ताई, सोमवारी लेणी बंद असतात, वार बघून घ्या.