लेकीच्या दाढेचं काम चालू असताना बाबांनी आत थांबावं का? (मदत हवी आहे)

लेक साडेपाच वर्षांची. खालची दुधाची दाढ आतपर्यंत किडलीय, रूट कॅनल करून वर स्टीलची कॅप बसवायची आहे. "पडणाराच दात, कशाला एवढं?" हे घरात बोलून झालंय. ही दाढ दहा-अकराव्या वर्षापर्यंत टिकायला हवी, लवकर काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाते. हे पटलं सगळ्यांना.

अडचण तिच्या बाबांची आहे. मागच्या वेळी नुसतं तपासायचं होतं. डॉक्टरांनी छोटा आरसा तिच्या हातात दिला, हवेचा फवारा आधी तिच्या नखावर मारून दाखवला. ती खिदळत होती. तेवढ्यात खुर्चीशेजारून आमचे हे, "घाबरू नकोस हं, सुई नाही टोचणार!" सुईचं नावही तोवर कुणी काढलं नव्हतं. पोरीने जे तोंड मिटलं ते मिटलंच.

आता डॉक्टर म्हणतात, आत एकानेच यायचं, पायाशी बसायचं, बोलायचं नाही. मुलाने एकाच माणसाचं ऐकावं म्हणून. यांना तो अपमान वाटतोय आणि आत मीच जाणार हा हट्टही आहे. मी गेले तर ती मलाच बिलगून बसेल, ही वेगळीच भीती.

तुमच्याकडे कोण आत होतं? बाहेर थांबल्यावर मूल शांत झालं की जास्त बिथरलं? आणि भुलेच्या इंजेक्शनचं घरून काय सांगून न्यायचं? ती सारखी विचारतेय, खोटं बोलायचं नाहीये.

प्रतिसाद १
आमचा चार वर्षांचा होता, मी आत होते. एवढ्या लहानाला एकटं ठेवू नये असं माझं मत. बाबांना काम द्या: पायावर हात ठेवून बसायचं, बस्स. रिकामा माणूसच जास्त बोलतो.
"टोचणार नाही" असं कबूल करू नका. "दाढेला झोपवायचं औषध देतील, जरा चिमटल्यासारखं वाटेल" एवढं पुरे. थांबायचं असेल तर डावा हात वर, ही खूण डॉक्टरांशी आधीच ठरवा. आणि नंतर दोन-तीन तास लक्ष ठेवा, बधिर ओठ मुलं चावून ठेवतात. आमच्याने चावलाच.

धागाकर्ती
हाताची खूण आवडली, डॉक्टरांना विचारते. पण यांना गप्प बसवायचं कसं, ते कुणीतरी सांगा!