मदत हवी आहे: चौकातल्या नव्या सर्कलवर आधी कोणी जायचं आणि लेन कशी धरायची?

बांधावरची बाभूळ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचा प्रश्न आहे. चार रस्त्यांच्या चौकात सर्कल झालं आहे. मधला गोल 30 फुटांचा, म्हणजे 9 मीटर व्यासाचा. त्याच्याभोवती 8 मीटर रुंद डांबर. राज्य मार्ग आरपार जातो, एक रस्ता बाजार समिती आणि जिनिंगकडे, एक एसटी स्टँडकडे. गोल बांधला, कठडा लावला, मध्ये हायमास्ट उभा केला. रस्त्यावर एक पट्टी नाही की एक फलक नाही.

बाजाराच्या दिवशी आणि कापूस निघाला की रोज संध्याकाळी 5 ते 7 चौक गच्च होतो. चारही बाजूंनी गाड्या आत शिरतात आणि मग कोणीच हलत नाही. टू-व्हीलरवाले मेडिकलकडे वळायला गोल न फिरता उलटे घुसतात. एसटीसुद्धा कधी कधी उजवीकडून उलटी निघते.

विचारायचं असं: सर्कलवर आधी जायचा हक्क नेमका कोणाचा? दोन लेन समजून चालवायचं की एकच? इंडिकेटर केव्हा, कोणता? शाळेच्या व्हॅनचे, काळी-पिवळीचे आणि ट्रॅक्टरचे चालक एकत्र बसवून समजावायचं ठरलं आहे, त्यासाठी पक्की माहिती हवी. आणि पट्ट्या-फलकांसाठी अर्ज कोणाकडे करायचा?

---

सरळवाट

राज्य मार्ग मोठा, त्यावरची गाडी आधी. बाकीच्यांनी थांबायचं. सोपं आहे.

---

डावी बाजू

@सरळवाट, साध्या चौकात तुमचं म्हणणं काही अंशी चालतं. 1989 च्या जुन्या नियमातही मुख्य रस्ता म्हणून ठरवून दिलेल्या रस्त्याला प्राधान्य होतं, आणि तसा रस्ता नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला. पण सर्कल झालं की मुख्य रस्ता उरतच नाही. 2017 साली केंद्राने वाहन चालवण्याचे नवे विनियम आणले. त्यांनुसार गोलात आधीपासून असलेली गाडी पहिली आणि बाहेरून शिरणाऱ्याने तिला वाट द्यायची. गाडी राज्य मार्गावरची असो की पांदणीतून आलेली.

आपल्याकडे डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गोल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे तुम्ही तोंडाशी आलात की आतली गाडी नेहमी तुमच्या उजव्या हातानेच येणार. चालकांना एवढंच सांगा: तोंडाशी उजवीकडे पाहा. आत कोणी येत असेल तर थांबा, मोकळं असेल तर न थांबता शिरा. उजवीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी जो अजून बाहेरच उभा आहे, त्याच्यासाठी थांबायची गरज नाही. लोक इथेच घोळ घालतात, मग चौघेही एकमेकांकडे पाहत उभे राहतात.

आता चौक का अडकतो ते पाहा, कारण कारण कळलं की चालक आपोआप ऐकतो. तुमच्या मापांनी गोलाभोवतीच्या रस्त्याची मधली रेघ साधारण 53 मीटर लांब भरते. चार तोंडांत वाटली तर एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत 13 मीटर. एसटीची लांबी 11 ते 12 मीटर. म्हणजे एका बसने एक पूर्ण भाग भरला! जिनिंगची ट्रॉली आत आहे, पुढच्या तोंडातून कोणी घुसला, ट्रॉली थांबली. ट्रॉलीची शेपूट आधीच्या फाट्यावर आडवी. त्या फाट्याने बाहेर पडणारा अडकला, त्याने त्याच्या मागचा फाटा अडवला. चार गाड्यांत गोल बंद होतो आणि प्रत्येकाला सुटायला पुढचा सुटावा लागतो. शिट्टी मारून तो सुटत नाही, कोणाला तरी मागे घ्यावं लागतं.

इंग्लंडमध्येही मोठमोठे गोल असेच कोंडायचे. तिथे 1966 मध्ये गोलातल्या गाडीला प्राधान्य असा नियम केला आणि कोंडी सुटायला लागली. त्याच नियमामुळे पुढे छोटे गोलही चालू शकले.

---

बांधावरची बाभूळ

@डावी बाजू, 53 मीटरचा हिशेब वाचून बरंच उलगडलं. मग दोन लेनचं काय? 8 मीटर म्हणजे दोन गाड्या सहज बसतात ना?

---

डावी बाजू

कार दोन बसतात, बस आणि कार नाही बसत. 12 मीटरची बस सरळ रस्त्यावर अडीच मीटर रुंद असते, पण तुमच्या एवढ्या छोट्या गोलात वळताना तिचं पुढचं बाहेरचं टोक आणि मागचं आतलं चाक मिळून 7 मीटरहून जास्त रुंदी खातात. तेव्हा तुमचा गोल एका रांगेचाच धरा. मध्ये रेघ मारून दोन लेन करायला कोणी सुचवलं तर नाही म्हणा. रेघ पाहून टू-व्हीलर बसच्या बाजूला जाऊन उभी राहते आणि बस तिच्यावर वळते.

एका रांगेत चालायचं म्हणजे:

- तोंडाच्या 30-40 मीटर आधीपासून वेग कमी, दुसऱ्या गियरमध्ये, ओव्हरटेक बंद.
- गोलात कोणाच्याही बाजूला नाही, मागे राहायचं. पुढे बैलबंडी असेल तर बंडीच्या मागे.
- आत शिरल्यावर थांबायचं नाही. सवारी उतरवायला, ओळखीच्याशी बोलायला, कशालाच नाही. फाटा चुकला तर आणखी एक फेरा मारायचा, रिव्हर्स घ्यायचा नाही.

इंडिकेटर: डावीकडे जायचं असेल तर येतानाच डावा, बाहेर पडेपर्यंत चालू. सरळ जायचं असेल तर शिरताना कोणताच नाही. तुमच्या आधीचा फाटा ओलांडला की डावा. उजवीकडे किंवा यू-टर्न असेल तर शिरताना उजवा, आणि आपल्या आधीचा फाटा ओलांडला की उजवा बंद करून डावा.

सरळ जाताना चारही दिवे एकदम लावायची सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडायलाच हवी. पुढच्या तोंडाशी उभ्या माणसाला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते. त्याला डावा दिवा लुकलुकताना दिसतो, त्याला वाटतं तुम्ही बाहेर पडताय, तो शिरतो. धडक इथे होते.

नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत मोठा, दोन लेनचा गोल असेल तर डावीकडे आणि सरळ जाणाऱ्याने बाहेरची लेन, उजवीकडे व यू-टर्नला आतली. रस्त्यावर बाण वेगळं सांगत असतील तर बाणाचं ऐकायचं. आतल्या लेनमधून एकदम बाहेर कापायचं नाही. आधी डावा दिवा, डावा आरसा, मग मान वळवून पाहणं.

---

लाल डबा

भाऊ, मोठ्या गाडीचं मी सांगतो. येका गोष्टीकडं कोनी ध्यान देत नाही. गोलात फिरताना मांगची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आंदर म्हनजे कठड्याकडं सरकतात. ट्रॉली तं आनखीच सरकते, दोन ट्रॉल्या असल्या तं मांगचीचं चाक पार कठड्याले घासते. अन् गोलातून बाहेर पडाले डावीकडं वळलं का तेच चाक डाव्या बाजूले कापते. म्हून टू-व्हीलरवाल्याले दोन जागा सांगून ठेवा: ट्रॉली न् कठड्याच्या मंधात जाचं नाही, अन् फाट्यापाशी ट्रॉलीच्या डाव्या बाजूले राहाचं नाही. आपल्या गाडीत स्टेरिंग उजवीकडं, डावी बाजू आमाले आरशातच दिसते, अन् दाराखाली उभा असलेला तं आरशातबी दिसत नाही.

एसटी उलटी का निघते तेबी सांगतो. मुद्दाम कोनी काढत नाही. बसले वळाले बाहेरून साडेबारा मीटर त्रिज्या लागते. तुमचा गोल साडेचार, रस्ता आठ, बेरीज साडेबारा. म्हनजे बरोब्बर बसते, पन सारा रस्ता खाली असला तरच. कडेले केळीचा ठेला न् चार मोटरसायकली उभ्या असल्या का दोन मीटर गेले. साडेदहात बस वळतच नाही. मंग ड्रायव्हर काय करते, उलटा काढते. ठेले हटवा, बस सरळ होते.

ट्रॉलीवाल्याईले सांगा: कापसाची ताडपत्री मांगच्या दिव्यावर येऊ देऊ नोका. दिव्याची पिन ट्रॅक्टरले लावाले हवी, लोंबकळत ठेवाची नाही. मांगं लाल, बाजूले पिवळी, पुढं पांढरी चमकपट्टी. इंडिकेटर नसन तं हात बाहेर.

---

मैलाचा दगड

वरचं सगळं बरोबर. पण नुसतं सांगून महिनाभर टिकेल. रस्त्यानेच चालकाला तसं चालायला लावलं पाहिजे. कामांचा क्रम माझ्या मते असा.

सर्वांत आधी, सर्वांत स्वस्त: चारही तोंडांशी आडवी तुटक पांढरी दुहेरी रेघ आणि डावीकडे 'रस्ता द्या'चा फलक. हा खाली टोक असलेला पांढरा त्रिकोण, लाल कड. त्याच्या आधी पुढे सर्कल असल्याचा, तीन गोल बाणांचा फलक. चालकाला कुठे थांबायचं ते दिसायलाच हवं. रेघ नसेल तर माणूस थांबायच्या इच्छेनेही दोन मीटर आत जाऊन थांबतो. मधल्या कठड्यावर, प्रत्येक रस्त्याच्या समोर, रात्री चमकणारे काळे-पांढरे दिशाबाण. लाइट गेली की गोल काळोखात असतो आणि अनोळखी ट्रक सरळ कठड्यावर चढतो.

दुसरं, कठड्यावरचे फ्लेक्स. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळे उतरवा. कारचालकाचा डोळा रस्त्यापासून साधारण 1.2 मीटरवर असतो आणि फ्लेक्स नेमका तिथेच बांधतात. उजवीकडची गाडी दिसलीच नाही तर वाट देणार कशी? कडेची झुडपंही गुडघ्याच्या वर नकोत. याला पैसा लागत नाही, नगर पंचायतीचा ठराव लागतो.

तिसरं, उलटं घुसणं. प्रत्येक रस्त्यावर तोंडाशी त्रिकोणी दुभाजक हवा, मागे निमुळता होत 10-15 मीटर. मेडिकलकडे उलटं वळायची फटच राहत नाही, आणि शिरणारी गाडीही आपोआप डावीकडे झुकून वेग कमी करते. तोंडापासून एक कार मावेल एवढं, साधारण 6 मीटर, मागे दुभाजकात 2 मीटरची फट ठेवून तिथून पायी रस्ता ओलांडायची सोय करा. शाळेची मुलं एका वेळी एकाच बाजूची गाडी पाहतील. आधी वाळूच्या पोत्यांनी नाहीतर रंगवलेल्या टायरांनी 15 दिवस आखून पाहा, बस वळते का तपासा, मगच पक्कं बांधा. पण तेही रस्त्याच्या मालकाची आणि पोलिसांची परवानगी घेऊनच.

गतिरोधक मागताना जपून. मानक गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून 25 च्या वेगाने गाडी सहज जाते. गावात घालतात ती अरुंद उंच वरंबी. तिच्यावर भरलेली ट्रॉली उसळते, गाठोडी घसरतात.

अर्ज कोणाकडे: आधी रस्ता कोणाचा ते पाहा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. तुमचा राज्य मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, पोलीस ठाण्याला आणि नगर पंचायतीला. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा.

अर्जाला भावना नको, आकडे जोडा. बाजाराच्या दिवशी एका गच्चीवरून 5 ते 7 मोबाइलवर चित्रण करा. मग दर 15 मिनिटांना कोणत्या रस्त्याने किती आल्या आणि कुठे वळल्या, एसटी, ट्रॉली, ट्रक, कार, टू-व्हीलर, बंडी वेगवेगळ्या मोजा. हाताने काढलेल्या नकाशावर काचा पडतात ती जागा, ब्रेकचे काळे ओरखडे, ठेल्यांची जागा दाखवा. भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिची सर्कलसाठी मार्गदर्शिका आहे, आयआरसी:65, 2017 ची आवृत्ती. तिचा उल्लेख करा. मोटार वाहन कायद्याचं 2019 मधलं कलम 198अ रस्त्याच्या रचनेतल्या आणि देखभालीतल्या कसुरीबद्दल बोलतं. ते धमकी म्हणून नको, शेवटच्या ओळीत पुरे.

---

बांधावरची बाभूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच शंका. चालकांपैकी कोणी विचारलं की नाही पाळलं तर काय, तर काय सांगू? आणि गोलात असताना अॅम्ब्युलन्स आली तर? ग्रामीण रुग्णालय स्टँडच्याच रस्त्यावर आहे.

---

डावी बाजू

उलट दिशेने चालवणं धोकादायक वाहनचालनात धरलं जातं, कलम 184. पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. वाहन चालवण्याचे विनियम मोडले तर 177अ, 500 ते 1,000.

अॅम्ब्युलन्सला वाट न देणं कलम 194ई, 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण गोलातला नियम नीट समजवा, कारण घाबरून लोक आतच ब्रेक मारतात आणि अॅम्ब्युलन्स त्यांच्यामागे अडकते. आत असाल तर चालत राहा, पहिल्या फाट्याने बाहेर पडा, मग डावीकडे थांबा, तो फाटा आपला नसला तरी. बाहेर असाल तर शिरूच नका.

---

लाल डबा

आन् चालकाईले हॉलमंधी बसवून सांगू नोका. सकाळी सातले चौकातच न्या, चुन्यानं रेघा मारा, येक ट्रॉली न् येक मोटरसायकल हळूहळू फिरवून दाखवा. ट्रॉलीच्या मांगच्या चाकाले ओला चुना लावला का ते कुठून जाते थे रस्त्यावर उमटते. तेच दाखवाचं.